पेवाची वाफ

वाटीभर दुधापायी नीलाबाईने सुनेच्या पाठीत लोखंडी फुंकणी घातली. गोदावरी चुलीपुढे ओणवी झाली, पण तिने वाटी सांडू दिली नाही. मांडीवरच्या पोरीच्या तोंडाला ती तशीच लावून धरली. दुसरा तडाखा खांद्यावर बसला तेव्हाही पोर चुटूचुटू पीतच होती, आणि तिसरा बसायच्या आत वाटी रिकामी झाली. मग मार खायला गोदावरीची काही हरकत नव्हती.

"चोरटी," नीलाबाई म्हणाली. "बाळंतिणीच्या तोंडचं दूध चोरतीस. तुझी पोरगी काय राजाची लागून गेली?"

गाय एक, दूध शेरभर, आणि ते सगळं नणंदेचं, हे घरात ठरलेलं होतं. इंदू लातूरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माहेरवाशीण, त्यात बाळंतीण, म्हणजे घरातला देवच. देवाला आधी नैवेद्य, मग गडीमाणसं, मग सासू, आणि मग भांड्याच्या बुडाला काही चिकटलं असेल तर सून. ही रीत नीलाबाईने काढलेली नव्हती; तिनेही तीस वर्षं बुडाचंच खाल्लं होतं. पण म्हणून सुनेला वरचं वाढावं असं तिला कधी वाटलं नाही. सासुरवास सोसलेल्या बाईला सासू होण्याचीच काय ती एक चैन उरते, आणि ती बहुतेक जणी सोडत नाहीत.

ते साल लेव्हीचं, सक्तीच्या धान्यवसुलीचं होतं. तिकडे कुठे साहेबाची लढाई चालली होती आणि इकडे निजाम सरकारने खळ्यावर माणसं बसवली होती. लातुरात घरटी कार्डं निघाली. कार्डावर ज्वारी मिळे, तांदूळ मिळे, साखर मिळे. ती ज्वारी काही आभाळातून पडत नव्हती. शिरूर अनंतपाळच्या आसपासच्या खेड्यांतून गाड्या भरभरून जात होती. ज्याने पिकवली त्याला मात्र कार्ड नव्हतं. पिकवणाऱ्याला कार्ड कशाला, असं सरकारचं म्हणणं होतं, आणि बंदूक खांद्याला असली की कुठलंही म्हणणं खरं होतं.

गोदावरीचं गाव शिरूरपासून दोन कोसांवर. खळ्यावरची रास पाहता पाहता गेली. उरलेल्यावर पुरुषांच्या दोन भाकरी कशाबशा होत. गोदावरी कण्या शिजवून त्यात तरोट्याचा पाला घाली, आणि कण्या इतरांना वाढून पाला स्वतः खाई. ती अन् इंदू दोघी बावीस वर्षांच्या. इंदूच्या दंडात वाक्या रुतत होत्या. गोदावरीच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत. इंदूने पेटीतून खारीक, डिंक, गोडंबी आणली होती, तिचा मुलगा दीड महिन्याचा, गुटगुटीत. गोदावरीची संगू अकरा महिन्यांची. शिरूरहून सुलतानबी सुईण बाळाला तेल लावायला येई. तिने एकदा इंदूचा पोरगा एका हातावर आणि संगूला दुसऱ्या हातावर घेतलं, दोन्ही हात वर-खाली करून पाहिले आणि म्हणाली, "दोनो एकसारके."

नीलाबाई हसली. सुलतानबी हसली नाही. "अम्मा," ती म्हणाली, "दूध थान में नै रहता, रोटी में रहता. बहू को रोटी देव. नै तो ये बी जाती."

"आमच्या घरी भाकरीची ददात न्हाई," नीलाबाई म्हणाली.

ये बी जाती. हीसुद्धा जाईल. कारण आधीचा गेला होता. गोदावरीचा थोरला, तीन वर्षांचा, मागच्या श्रावणात पाय सुजून, पोट फुगून गेला. केस तांबडे झाले होते त्याचे. गावाने करणी म्हटलं, नजर म्हटलं, सटवाईचा कोप म्हटलं. भूक हा शब्द कुणी काढला नाही, कारण तो काढला असता तर प्रत्येकाला आपापल्या घरात बघावं लागलं असतं. गोदावरीने मात्र तो मनाशी पक्का धरला होता. आता संगूचेही केस कानामागे तांबूस दिसायला लागले होते, आणि रोज सकाळी ती आधी ते केस उजेडात धरून पाही.

माराच्या त्या दिवशी इंदूने खोलीतून हाक मारली. "वैनी, माझ्यातलं घे की ग. मला रोज रोज नको वाटतंय दूध. आमच्या दवाखान्यातली बाई म्हणती, पाजणाऱ्या आईनं दोन माणसांचं जेवावं."

इंदू वाईट नव्हती. पोट भरलेलं माणूस बहुधा वाईट नसतं, त्याला फक्त दिसत नाही.

"इथं दोन बायका मिळून एकीचं जेवत्यात, इंदूबाई," गोदावरी म्हणाली, "अन् ती एक तुमी."

त्या दिवसापासून इंदू खारकेचा एखादा तुकडा दाराआड ठेवू लागली. पण खारकेच्या तुकड्याने आटलेलं दूध परत येत नाही.

गोदावरीची सगळी आशा गोठ्यामागे जमिनीत होती. तिथे पेव होतं. दोन पुरुष खोल, वर अरुंद तोंड, आत रांजणासारखं पोट, कडब्याचं अस्तर. दोन वर्षांपूर्वी चांगलं पिकलं तेव्हा सिद्धरामने, तिच्या नवऱ्याने, त्यात पाच पोती ज्वारी सोडून वर शिळा ठेवली आणि शेणमातीने लिंपून टाकलं. लेव्हीवाल्यांना पत्ता नव्हता. वैशाखात फोडू, तो म्हणाला होता. आता फाल्गुन चालला होता. वैशाखापर्यंत पोरगी जगवायची, बस, एवढंच गोदावरीला करायचं होतं. गोठा झाडताना ती त्या लिंपलेल्या जागेवर उगीच थोडा वेळ उभी राही. पायाखाली भाकरी आहे, या विचाराने तिला धीर येई.

आणि ते पेव सासूने उघडं केलं. फावड्याने नव्हे, तोंडाने.

इंदूच्या मुलाच्या बारशाला जावई आला होता. शिवमूर्ती, लातुरात सरकारी गल्ल्याच्या, धान्याच्या गोदामात कारकून. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, बोलणं मऊ. जावयापुढे गरिबी दिसू द्यायची नाही, म्हणून नीलाबाईने शेजारच्या गुरुलिंग म्हाताऱ्याकडून गूळ आणून पुरण घातलं. बडा घर पोकळ वासा. तेवढ्यावर थांबती तरी चाललं असतं. पण शिवमूर्तीने सहज म्हटलं, "यंदा खेड्यात फार ओढ आहे म्हणतात," आणि नीलाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"तुमच्या बायकोची काळजी करू नका, जावईबापू," ती म्हणाली. "आमचं पेव अजून फोडलं न्हाई आमी."

सिद्धरामचा घास हातातच राहिला. दाराआड गोदावरीने हातातलं ताट खाली ठेवलं. शिवमूर्तीने मान खाली घालून पुरणाची पोळी तोडली, जणू ऐकलंच नाही. ऐकलं नसतं तर त्याने मान वर केली असती.

महिनाभराने लेव्हीचं पथक गावात आलं. एक जमादार, चार शिपाई, आणि याद्या लिहायला कारकून म्हणून शिवमूर्ती. सरकारला तो या गावचा जावई आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं, किंवा असेल, आणि म्हणूनच पाठवला असेल. गावाचं धान्य कमी भरलं होतं. जमादाराने चावडीपुढे नऊ माणसं उन्हात ओणवी केली, अंगठे धरायला लावले आणि प्रत्येकाच्या पाठीवर धोंडा ठेवला. धोंडा पडला की बाभळीची ओली काठी. काट्यांसकट.

सिद्धरामचा धोंडा तीनदा पडला. तिसऱ्यांदा शिपायांनी त्याला उताणा केला आणि जमादाराने बंदुकीचा दस्ता त्याच्या उजव्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज चावडीच्या ओट्यापर्यंत गेला. तिथे बायका उभ्या होत्या, त्यांत संगूला कडेवर घेऊन गोदावरी.

"पेव कुठे आहे?" जमादाराने विचारलं.

"न्हाई," सिद्धराम म्हणाला. त्याच्या तोंडात माती गेली होती.

जमादाराने बूट त्याच्या मोडलेल्या कोपरावर ठेवला आणि अंगाचा भार दिला. सिद्धराम जे ओरडला ते माणसाचं ओरडणं वाटलं नाही. गोदावरीने संगूचे कान झाकले, आणि नवऱ्याकडे न बघता ती शिवमूर्तीकडे बघत राहिली. शिवमूर्ती यादी लिहायची थांबला होता. दुसऱ्यांदा सिद्धराम ओरडला तेव्हा तो कागदात डोकं घालून म्हणाला, "गोठ्यामागे."

त्याने ते दयेपोटी सांगितलं असेल. गोदावरीने नंतर त्यावर पुष्कळ विचार केला. पण त्या क्षणी तिला एवढंच कळलं की आपल्या पोरीचा गळा कुणीतरी हाताने धरला आहे.

ती धावत घरी आली आणि पेवाच्या तोंडावर फतकल मारून बसली, पोरगी पोटाशी धरून. पथक मागोमाग आलं. जमादार म्हणाला, "हटो." ती हटली नाही. त्याने तिच्या झिंज्या धरून ओढलं, तिने त्याच्या मनगटाला दात रुतवले, रक्त निघेतो. मग त्याने तिच्या छातीत लाथ मारली. संगू हातातून सुटून शेणात पडली. पोर रडली नाही. रडायलाही अंगात काही लागतं, आणि तिच्यात ते उरलं नव्हतं. उघड्या डोळ्यांनी ती आभाळाकडे बघत पडली. ते न रडणं ऐकून गोदावरीच्या आतलं काहीतरी तुटलं आणि परत कधी जुळलं नाही.

शिपायांनी लिंपण फोडलं, शिळा सरकवली. आतून आंबूस, कोंदट, उग्र भपकारा आला आणि जवळचा शिपाई तोंडावर हात धरून मागे सरला.

"लगेच उतरू नगा," गुरुलिंग म्हातारा कुडापलीकडून म्हणाला. "दोन वर्साचं पेव हाय. वाफ धरलेली असती. सांजंपर्यंत उघडं राहू द्या."

"शामपर्यंत?" जमादार म्हणाला. "तोवर गाव गोळा करतो काय?"

त्याने तासभर धीर धरला, तोही मनगटाला फडकं बांधून घेण्यात गेला. मग शिवमूर्ती म्हणाला, "यांच्यात दिवा सोडून बघतात, साहेब. दिवा जळत राहिला तर उतरायला हरकत नाही. विझला तर खाली माणूस वाचत नाही."

"सोडा दिवा."

दिवा घरच्या सुवासिनीने सोडायचा, ही चाल. पेव म्हणजे घराचं पोट, त्यात परक्याने आधी डोकावायचं नसतं. नीलाबाई विधवा, इंदू खोलीत, चाळीस दिवस होऊन गेले तरी आईने तिला उन्हात येऊ दिलं नव्हतं. राहिली गोदावरी. तिने शेणातून उचललेली पोर सासूच्या हातात दिली. पणती लावली, टोपलीत ठेवली, टोपलीला दोर बांधला. पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकून तिने हळदकुंकू वाहिलं आणि दोर सोडायला लागली. छातीत लाथेची कळ येत होती.

दोन हात दोर गेला आणि दिवा विझला. फडफडलाही नाही. होता, आणि नव्हता.

तोंडावर ओणवी होऊन तिने दोर तसाच धरून ठेवला; तिच्या अंगाआड आतलं कुणाला दिसत नव्हतं. मागे जमादार पट्टा आवळत होता. "मैं खुद देखता हूं," तो म्हणत होता. "यांचा भरोसा नाही. पाच पोती असतील तर तीन सांगतील."

उतर, गोदावरी मनात म्हणाली. ये, उतर.

"जळतोय," ती मोठ्याने म्हणाली.

एवढं खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली, आणि बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही. तिला बरं वाटलं. हे लपवून काय करायचं? एका माणसाला मरायला पाठवताना तिला फार बरं वाटलं.

पण जमादार पेवाच्या तोंडाशी आला, त्याने ते अरुंद भोक पाहिलं, स्वतःच्या पोटाचा घेर पाहिला, आणि तो मागे वळून हसला. "कारकून, तुम्ही उतरा. तुमचीच ससुराल आहे. जावयाला पोट भरून दाखवतील."

शिपाई हसले. शिवमूर्तीने कोट काढला, घडी घालून गव्हाणीवर ठेवला, टोपी त्यावर ठेवली. मग पेवाशी येऊन तो गोदावरीच्या बाजूला वाकला, दोर बघितल्यासारखं करून.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "मी वर तीनच पोती म्हणून सांगतो. दोन तळाला भुशाखाली राहू द्या. संगूला होतील." आणि मग, "दिवा आहे ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. त्याच्या गळ्याला, हनुवटीखाली, शहरातल्या माणसाची मऊ चरबी होती. इंदूच्या पोरालाही तशीच होती. आता नाही म्हटलं तर जमादाराला कळणार की मघाशी ती खोटं बोलली. तो सांजेपर्यंत थांबेल, सगळी पाच पोती नेईल, आणि जाण्याआधी सिद्धरामचा दुसरा हात मोडेल. आणि दोन पोती राहतील हा कुणाचा शब्द? मघाशी चावडीवर ज्याने तोंड उघडलं त्याचा. कुणाच्या शब्दावर पोर वाढवायचे दिवस तिने थोरल्याबरोबरच मातीत घातले होते.

"जळतोय, दाजी," ती म्हणाली.

तो उतरला. भिंतीतल्या खोबणीत पाय देत, दोराला धरून, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत, मग डोकंही गेलं. आतून त्याचा आवाज आला, "ज्वारी चांगली आहे, साहेब, कीड नाही..." मग खोकला. मग धान्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज, आणि नखं ओरबाडल्याचा. तो आवाज थोडा वेळच आला.

"कारकून!" जमादार ओरडला. एक शिपाई कमरेला दोर बांधून आत सरकला. गळ्यापर्यंत गेला आणि त्याची मान लुळी पडली. त्याला ओढून काढला तेव्हा तो हिरवं ओकत होता. मग कुणीच उतरायला तयार होईना. विहिरीतला पोहरा काढायचा गळ आणला आणि शिवमूर्तीला त्याने वर ओढलं. गळ काखेत रुतला होता. त्याचे ओठ काळेनिळे होते, दोन्ही मुठींत ज्वारी होती, आणि घामाने भिजलेल्या तोंडाला दाणे चिकटले होते.

इंदू उन्हात आली. पोराला छातीशी धरून ती मागल्या दारात उभी होती, कधीपासून, कुणाला माहीत. ती रडली नाही, पुढे आली नाही. नीलाबाईने मात्र कपाळ जमिनीवर आपटून घेतलं, रक्त येईपर्यंत, आणि संगू तिच्या मांडीवरून घरंगळली ती गोदावरीने झेलली.

जमादाराने गोदावरीचा गळा धरला. "तू बोली जळतोय." त्याने तिचं डोकं गव्हाणीच्या दगडावर आपटलं, एकदा, दोनदा. तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं, तरी तिने पोर सोडली नाही.

"साहेब," गुरुलिंग म्हातारा कूड ओलांडून आत आला होता. त्याच्या मागे गाव होतं, चावडीपुढचे नऊही जण, पाठी सोललेल्या. "वाफ मागनंबी चढती. बाईनं सोडला तवा दिवा जळत असंल. आमी सांगितलं व्हतं सांजंला उतरा म्हून. सरकारी मानूस तुमी उतरवला. ठाण्यात अमीनसायबापुढं आमी समदे हेच सांगनार."

जमादाराने गावाकडे पाहिलं, मेलेल्या कारकुनाकडे पाहिलं, आणि त्याचा हात ढिला पडला. मेलेल्या खेडुताचा जाब कुणी विचारत नाही. गोदामाच्या कारकुनाचा विचारतात. पंचनामा होईपर्यंत पेवाला हात लावाल तर गोळी घालीन असं बजावून, ओकणाऱ्या शिपायाला गाडीत टाकून, तो शिरूरला गेला. जो मरावा म्हणून ती खोटं बोलली तो असा वाचला.

संध्याकाळी शिवमूर्तीला माती दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीने लिंबाच्या डहाळीने पेवात वारा घातला, दिवा सोडला, तो जळत राहिला, आणि ती स्वतः खाली उतरली. वर सिद्धराम एका हाताने दोर ओढत होता. पाटीमागून पाटी वर गेली. तळाशी तिला एक वहाण सापडली. ती तिने भुशात पुरली आणि पुढची पाटी भरली.

नीलाबाई सैपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. "ज्या दाण्यानं जावई खाल्ला तो माझ्या चुलीवर शिजायचा न्हाई."

गोदावरीने पाटी खाली ठेवली, सासूच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि तिला भिंतीवर ढकललं. म्हातारी बसकण मारून खाली पडली. आपण एवढ्या हलक्या आहोत याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं असावं. "सरका, आत्याबाई," गोदावरी म्हणाली. "लई शिजवलं तुमच्या मनानं." दोन दिवस नीलाबाईने उपास काढला. तिसऱ्या दिवशी ती जेवली.

पंचनाम्याला आलेल्यांनी पेवात वरूनच डोकावलं; तळ रिकामा आहे हे अंधारात कुणाला दिसलं नाही. माणूस खाल्लेल्या पेवात उतरायची कुणाची छाती झाली नाही. धान्य खराब, असं लिहून ते गेले.

आता गोदावरी आधी जेवू लागली. कुणाला न विचारता, तव्यावरची गरम भाकरी, एक, दीड, दोन. ज्वारीला पेवाचा उग्र वास होता. पहिले दोन दिवस तिला घास उतरेना; डोळ्यांपुढे ते दाणे चिकटलेलं तोंड येई. तिने डोळे उघडे ठेवून जेवायचं ठरवलं. आठव्या दिवशी छातीला कळ लागली. तिला वाटलं लाथेची असेल. चोळी ओली झाली तेव्हा तिला कळलं. संगू त्या दिवशी पिऊन ढेकर देऊन झोपली, आणि गोदावरी ओट्यावर बसून एकटीच रडली, आनंदाने आणि भीतीने, दोन्ही एकदमच.

इंदूचं उलटं झालं. ती अन्नाला शिवेना. कुणी भरवलं तर ओकून टाकी. लातूरहून निरोप आला की पांढऱ्या पायाची सून आम्हाला नको, पोर मोठं झालं की बघू. पेटीतली खारीक संपली, गाय भाकड झाली. इंदूचं दूध पंधरा दिवसांत आटलं. शहराची ती चरबी, दवाखान्यातल्या बाईने सांगून घातलेली, पोराच्या दंडावरून बघता बघता उतरली. रात्रंदिवस रडणारं पोर मग कमी रडायला लागलं. गोदावरीला ते कमी रडणं ओळखीचं होतं. ती कामात डोकं घालून घेई, पण कान तिकडेच असत.

एका दुपारी ती जेवायला बसली होती. इंदू आत आली, समोर बसली आणि पोराला उचलून गोदावरीच्या मांडीवर ठेवलं. गोदावरीने हात लावला नाही.

"दिवा विझला व्हता," इंदू म्हणाली.

चुलीत लाकूड जळत होतं.

"मी दारातनं तुझं तोंड बघत व्हते, वैनी. दिवा जळत असला की त्याचा उजेड तोंडावर येतो. ह्या घरात जल्मले मी. दर साली आईचं तोंड बघितलंय. तुझ्या तोंडावर उजेड नव्हता." ती सावकाश बोलत होती, पाठ केल्यासारखी. "ते आत उतरत व्हते तवा मला वरडायचं व्हतं. मला वाटलं, माझंच चुकत असंल. वैनी असं करायची न्हाई."

गोदावरीला खोटं बोलता आलं असतं. दोनदा बोलली होती. "केलं," ती म्हणाली.

"शिरूरला जाऊन अमीनाला सांगू शकते मी."

"सांगा. मी न्हाई म्हननार न्हाई."

इंदूने तिच्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या पोराकडे. पोराचे ओठ हवेतच काहीतरी चोखत होते.

"सांगितलं तर याला कोन पाजील?" इंदू म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "पाज त्याला."

गोदावरीने चोळीची गाठ सोडली. पोराने घाईने तोंड लावलं आणि एवढ्या जोराने ओढलं की लाथ बसलेल्या जागी कळ गेली. तिने दात आवळले. भाकरी तिने ताटात ठेवून दिली. खाली घास उतरला नसता.

इंदू उठली. चुलीपुढे बसून तिने परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, लातूरला विसरलेल्या हातांनी वेडीवाकडी भाकरी थापली, भाजली, आणि गोदावरीच्या ताटात टाकली.

"खा," ती म्हणाली. "त्याला पुरलं पायजे."

गोदावरी खाऊ लागली. ती संपेपर्यंत इंदू समोर बसून बघत होती, आणि संपल्यावर तिने दुसरी वाढली.